व्यासपीठावरून पळालेला विद्यार्थी

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या मंडळ्यांत एक गोष्ट हमखास घडते. दर रविवारी न चुकता येणारा एखादा तरुण एकाएकी उपासनेला येईनासा होतो. आई सांगते, त्याला जरा बरे नाही. खरे कारण सर्वांना ठाऊक असते. उपासना संपल्यावर दाराशी भेटणारा प्रत्येकजण त्याला गुण किती पडले हे विचारणार, आणि सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते. आमची मुले कोणी बेळगावला, कोणी इंदूरला, कोणी हैदराबादला खोली घेऊन राहतात. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या पैशांचे ओझे मनावर बाळगतात आणि एकदा पाऊल घसरले की आपण माणसांच्याच काय, देवाच्याही कामाचे राहिलो नाही अशी समजूत करून घेतात. अशा मुलांसाठी, आणि त्यांना लहानपणी शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी, आम्ही या वेळी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे चरित्र निवडले आहे.

वाचक म्हणतील, लिव्हिंग्स्टन आम्हाला ठाऊक आहेत. सिंहाने त्यांचा खांदा फोडला, त्यांनी मोठा धबधबा पाहिला, स्टॅन्लीने त्यांना शोधून काढले. शब्बाथशाळेच्या चित्रांत हे सारे असते. पण 1836 ते 1840 या चार वर्षांचे चित्र आम्ही कुठल्याही भिंतीवर टांगलेले पाहिले नाही. त्या चार वर्षांत हा मनुष्य विद्यार्थी होता, आणि तोही असा की त्याला नापास करून घरी पाठवावे असे त्याच्या गुरूलाच वाटू लागले होते.

डेव्हिडचा जन्म 19 मार्च 1813 रोजी स्कॉटलंडमधील ब्लॅन्टायर या गिरणीच्या गावी झाला. ग्लासगो शहरापासून हे गाव काही मैलांवर, क्लाइड नदीच्या काठी आहे. गिरणी कामगारांच्या चाळीत चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीत आई, वडील आणि पाच मुले राहत. मुंबईच्या परळ-लालबागकडे ज्यांचे नातेवाईक राहिले आहेत त्यांना या खोलीचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. वडील नील दारोदार फिरून चहा विकत आणि चहाबरोबर धार्मिक पत्रके वाटत. ते स्वतः शब्बाथशाळेचे शिक्षक होते. मिळकत बेताचीच होती.

दहाव्या वर्षी डेव्हिड कापसाच्या गिरणीत लागला. यंत्रावर सूत तुटले की धावत जाऊन ते जोडायचे, हे त्याचे काम. सकाळी सहाला गिरणी सुरू होई ती रात्री आठला सुटे. मधे न्याहारीची आणि जेवणाची सुट्टी, एवढाच काय तो विसावा. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक घेतले. रात्री आठ ते दहा कंपनीच्या शाळेत बसायचे आणि घरी आल्यावर मध्यरात्रीपर्यंत, आई पुस्तक हिसकावून घेईपर्यंत, वाचायचे. पुढे तो यंत्रावरच पुस्तक उभे करून ठेवू लागला. येता-जाता एक वाक्य डोळ्यांखाली घालायचे, पुढच्या फेरीला दुसरे. भोवती यंत्रांचा खडखडाट चाललेला असे. आपल्याला अभ्यासाला शांत जागाच नाही अशी तक्रार करणाऱ्यांना टोमणा मारावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. शांत जागा नसणे ही खरीच अडचण आहे. सांगायचे ते एवढेच की या मुलाला तुकड्या-तुकड्याने पुढे जाण्याची सवय लागली, आणि पुढे सर्व दारे बंद झाली तेव्हा तीच सवय त्याच्या कामी आली.

चीन देशात वैद्यकीय मिशनरी पाहिजेत असे एक आवाहन त्याच्या वाचनात आले आणि डॉक्टर होऊन चीनला जायचे हे त्याने ठरविले. एकोणिसाव्या वर्षी तो सूत कातणारा कारागीर झाला होता. मजुरी वाढली होती. उन्हाळ्यात गिरणीत राबायचे, पैसे साठवायचे आणि हिवाळ्यात ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात वैद्यक शिकायचे, असा बेत ठरला.

1836 च्या हिवाळ्यात बाप आणि मुलगा बर्फातून पायी ग्लासगोला गेले आणि खोली शोधत हिंडले. अखेर रॉटन रो नावाच्या गल्लीत आठवड्याला दोन शिलिंग भाड्याची खोली मिळाली. वडील परत गेले. परक्या गावातील त्या पहिल्या रात्री मुलाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे ज्यांनी आपले मूल वसतिगृहावर सोडून एस. टी.ची परतीची गाडी पकडली आहे त्यांना कळेल. थोड्याच दिवसांत डेव्हिडच्या ध्यानात आले की घरमालकीण आपली साखर आणि चहा गुपचूप काढून घेते. तो भांडला नाही आणि सोसतही बसला नाही. हाय स्ट्रीटवर अडीच शिलिंगांची दुसरी खोली पाहून तिकडे गेला. अर्धा शिलिंग त्याच्या दृष्टीने थोडा नव्हता, पण मन स्वस्थ राहण्यासाठी त्याने तो मोजला. आम्हाला हा भाग फार आवडतो. सोसणे म्हणजेच श्रद्धा असे आमच्याकडे पुष्कळांना वाटते, आणि एक खोली बदलली असती तर सुटला असता असा त्रास मुले वर्षभर मुकाट्याने काढतात.

वैद्यकाबरोबर तो ग्लासगो विद्यापीठात ग्रीक शिकू लागला आणि डॉ. वॉर्डलॉ यांची ईश्वरविद्येवरील व्याख्यानेही ऐकू लागला. याच काळात त्याला रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा मदतनीस जेम्स यंग हा मित्र मिळाला. यंगच्या खोलीत सुताराचे बाक आणि लेथ होता. वर्ग संपल्यावर डेव्हिड तेथे जाऊन हत्यारे वापरायला शिके. पुढे दगडातून पॅराफिन तेल काढण्याची कृती शोधून यंग श्रीमंत झाला आणि त्याने आपल्या मित्राच्या प्रवासांना पैसा पुरविला. पण त्या वेळी कोणाला हे ठाऊक होते? दिवसभर पुस्तकाने शिणलेल्या डोक्याला संध्याकाळी लाकूड तासायला मिळत होते, आणि शेजारी बोलायला एक समवयस्क होता, एवढेच.

1837 साली त्याने लंडन मिशनरी सोसायटीकडे अर्ज केला. पुढच्या वर्षी मुलाखतीसाठी तो लंडनला गेला, तेव्हा जोसेफ मूर नावाच्या दुसऱ्या उमेदवाराशी त्याची गाठ पडली. दोघांनाही उमेदवारीवर ठेवून एसेक्समधील चिपिंग ऑन्गर या खेड्यात रेव्ह. रिचर्ड सेसिल यांच्याकडे पाठविण्यात आले. येथे लॅटिन, ग्रीक आणि ईश्वरविद्या शिकायची, आणि मुख्य म्हणजे उपदेश करायला शिकायचे. सेसिलसाहेबांची रीत अशी होती की विद्यार्थ्याने उपदेश लिहून काढायचा, तो त्यांच्याकडून तपासून घ्यायचा, मग पाठ करायचा आणि व्यासपीठावर जाऊन कागदाशिवाय म्हणायचा.

एका रविवारी शेजारच्या स्टॅनफर्ड रिव्हर्स गावचे पाळक आजारी पडले. सायंकाळच्या उपासनेसाठी डेव्हिडला पाठविण्यात आले. तो व्यासपीठावर चढला. शास्त्रभाग त्याने सावकाश, स्पष्ट वाचला. मग त्याने तोंड उघडले आणि पाठ केलेला उपदेश समूळ नाहीसा झाला. पहिले वाक्यसुद्धा आठवेना. आपण सांगायचे ते सारे विसरलो आहोत, असे त्याने मंडळीला उघड सांगितले, खाली उतरला आणि भरभर प्रार्थनामंदिराबाहेर निघून गेला.

या ठिकाणी आम्हाला थोडे स्वतःविषयी बोलू द्यावे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी एका खेड्यातील मंडळीत आमची पाळी आली होती. तिसऱ्या मिनिटाला आमचीही तीच गत झाली. लिहिलेला कागद कोटाच्या खिशात होता, पण हात खिशाकडे जाईना. तेव्हा पुढच्या बाकावरील एका म्हाताऱ्या पंचांनी, जणू ती वेळ गाण्याचीच होती अशा थाटात, एक गीत सुरू केले. मंडळी गाऊ लागली. तीन कडवी होईपर्यंत आम्हाला कागद सापडला. त्या दिवशी ते गृहस्थ गप्प बसले असते तर आम्ही पुन्हा व्यासपीठाकडे फिरकलो असतो की नाही, याची आम्हाला शंका आहे. स्टॅनफर्ड रिव्हर्सच्या मंडळीत त्या सायंकाळी गीत सुरू करणारे कोणी निघाले नाही.

आणि हे एकदाच झाले असे नाही. कुटुंबाच्या उपासनेत प्रार्थना करतानासुद्धा डेव्हिड अडखळत असे. सेसिलसाहेब कठोर नव्हते, पण प्रामाणिक होते. जे दिसले ते त्यांनी सोसायटीला कळविले. त्यावर हा उमेदवार नाकारावा असा निर्णय होण्याच्या बेतात होता. इतक्यात संचालकांपैकी एकाने त्याची बाजू घेतली आणि त्याला आणखी काही महिने द्यावेत अशी विनंती केली. ती मान्य झाली. लिव्हिंग्स्टन यांचे सारे आयुष्य त्या एका विनंतीवर टांगलेले होते, असे म्हटले तर ते फार होणार नाही.

त्या दिवसांतील एक प्रसंग मूर यांनी पुढे सांगितला आहे. नोव्हेंबरातील धुक्याच्या दिवशी पहाटे तीन वाजता डेव्हिड कामासाठी पायी लंडनला निघाला. अंतर सत्तावीस मैलांचे होते. अंधारात तो आरंभीच खंदकात पडला. दिवसभर लंडनमध्ये हिंडून कामे केली आणि परतीला लागला. वाटेत एक बाई गाडीतून फेकली गेली होती, तिला उचलून घरात नेले आणि तपासले. पुढे रात्री रस्ता चुकला. थकून एखाद्या झुडपाखाली पडून राहावे असे मनात आले, पण दिशादर्शक खांब दिसताच त्यावर चढून ताऱ्यांच्या उजेडात त्याने पाटी वाचली. मध्यरात्री ऑन्गरला पोचला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मूरने काही विचारले नाही. त्याचे बूट ओढून काढले आणि त्याला अंथरुणावर टाकले. दुसऱ्या दिवशी दुपार होईपर्यंत डेव्हिड झोपला होता, आणि त्याला कोणी उठविले नाही.

हे वाचताना आम्हाला राजांच्या पहिल्या पुस्तकातील एलीया आठवतो. तोही झुडपाखाली बसून आता पुरे म्हणाला होता. देवाने त्याला प्रथम झोपू दिले, खाऊ घातले आणि पुन्हा झोपू दिले. प्रश्न विचारला तो पुढे, होरेब डोंगरावर. मुलगा सुट्टीला घरी आला की आम्ही उंबऱ्यातच प्रश्न विचारतो.

वाढवून दिलेल्या मुदतीनंतर डेव्हिड पसंत ठरला. तो फर्डा वक्ता झाला म्हणून नव्हे. तो पुढेही कधी झाला नाही. व्यासपीठावर त्याचे बोलणे शेवटपर्यंत अडखळतेच राहिले. त्याच्यातील दुसरे गुण सोसायटीला दिसू लागले होते, एवढेच.

पण संकटे संपली नव्हती. 1839 मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यात अफूचे युद्ध पेटले आणि ज्या देशासाठी त्याने गिरणीतून कॉलेजपर्यंत मजल मारली होती तोच देश बंद झाला. काही काळ त्याला कुठे पाठवायचे हेच ठरेना. तो लंडनच्या रुग्णालयांत वैद्यकाचा अभ्यास करीत राहिला. त्यात 1840 च्या उन्हाळ्यात तो आजारी पडला आणि त्याला घरी जावे लागले. याच वर्षी लंडनमध्ये, आफ्रिकेहून आलेले रॉबर्ट मॉफट हे मिशनरी त्याला भेटले. चीनला नाही तर आफ्रिकेला का नको, हा विचार तेथे पक्का झाला.

शेवटची परीक्षा ग्लासगोच्या वैद्यमंडळाची होती. नोव्हेंबर 1840 मध्ये तो तिला बसला. त्याने निबंधासाठी निवडलेल्या रोगाचे निदान स्टेथॉस्कोपवर अवलंबून होते, आणि त्या नव्या नळीच्या उपयोगाविषयी परीक्षकांशी त्याचा मतभेद झाला. परीक्षा होती त्याहून लांबली आणि कठीण झाली. गप्प बसला असता तर लवकर सुटला असता, असे त्याने स्वतःच पुढे गमतीने लिहून ठेवले आहे. अखेर परवाना मिळाला. गिरणीतील पोऱ्या डॉक्टर झाला.

घरी राहायला एकच रात्र होती. सारी रात्र बोलत बसू असे त्याचे म्हणणे, पण आईने ऐकले नाही. मध्यरात्रीपर्यंत बाप-लेक बोलत बसले. पहाटे पाचला सारे उठले. आईने कॉफी केली. डेव्हिडने 121 वे आणि 135 वे स्तोत्र वाचून प्रार्थना केली. कुटुंबातील या प्रार्थनेत तो अडखळला असे कोणी सांगितलेले नाही. मग बाप आणि मुलगा पुन्हा एकदा ग्लासगोची वाट चालू लागले आणि लिव्हरपूलच्या बोटीच्या धक्क्यावर त्यांनी एकमेकांचा निरोप घेतला. या जन्मी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. 20 नोव्हेंबरला लंडनमध्ये डेव्हिडला दीक्षा मिळाली आणि 8 डिसेंबर 1840 रोजी तो आफ्रिकेच्या जहाजात बसला. जहाजाच्या कप्ताना­कडून तो ताऱ्यांवरून स्थान काढायला शिकला. विद्यार्थीपण सुटले नव्हते.

यापुढचे आयुष्य वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्याचा विस्तार आम्ही करीत नाही. 1855 मध्ये व्हिक्टोरिया धबधबा, 1857 मध्ये गाजलेला ग्रंथ, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर चाललेली झुंज. परंतु एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. ज्या मनुष्याला तरुणपणी दुसऱ्यांच्या धीराने तारले, तो मनुष्य दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमीच धीराचा राहिला नाही. 1858 पासूनच्या झांबेझी मोहिमेत त्यांचे सहकाऱ्यांशी खटके उडाले. टॉमस बेन्स या चित्रकाराला तर त्यांनी चोरीच्या आरोपावरून काढून टाकले, आणि बेन्सला आपली बाजू नीट मांडण्याची संधी मिळाली नाही. त्याच्यासाठी आणखी थोडी मुदत मागणारा कोणी नव्हता.

त्याहून दुःखाची गोष्ट त्यांच्या थोरल्या मुलाची. 1852 मध्ये त्यांनी पत्नी मेरी आणि मुलांना इंग्लंडला पाठविले होते. मेरीबाई पुढे आफ्रिकेत परत आल्या आणि 1862 मध्ये झांबेझीच्या काठी वारल्या. रॉबर्ट हा मुलगा बापाशिवाय वाढला. त्याचे कुठे बस्तान बसेना. बापाला भेटायला तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला, पण त्यांच्यापर्यंत पोचू शकला नाही. तेथून अमेरिकेला गेला, खोट्या नावाने यादवी युद्धात लढला आणि 1864 मध्ये अठराव्या वर्षी कैदेत मरण पावला. बापाच्या मोठ्या नावाला आपल्यामुळे कमीपणा येऊ नये म्हणून नाव बदलले, असे त्याने पत्रातून वडिलांना कळविले होते. निकालानंतर उपासनेला येईनासा होणारा आमचा तरुण आणि हा रॉबर्ट यांच्यात आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. दोघांनाही वाटते की आपल्या घराच्या नावाखाली उभे राहण्याची आपली लायकी नाही. मुलांना आपण पुरेसा वेळ दिला नाही, याची खंत लिव्हिंग्स्टन यांना उतारवयात होती.

त्याच 1864 साली जून महिन्यात ते आपली लहान आगबोट स्वतः हाकीत हिंदी महासागर ओलांडून मुंबईला आले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. बोट विकून आलेले पैसे मुंबईच्या बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली. पण मुंबईने त्यांना दुसरे काही दिले. आफ्रिकेतून आणलेली चुमा आणि विकातानी ही दोन मुले त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवली होती. त्या दोघांचा बाप्तिस्मा 1865 मध्ये डॉ. विल्सन यांच्या हातून झाला. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयस्थानात, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकत होती. अपरिचित देशात, परक्या भाषेत, आईबाप गमावलेली ही मुले सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरे शिकत होती. त्यांच्यापैकी नऊजण 1866 मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेला गेले. काही जण वाटेत सोडून गेले, काही टिकले. 1872 मध्ये स्टॅन्लीने जी माणसे त्यांच्याकडे पाठविली त्यांतही शरणपूरला शिकलेली मुले होती. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक.

मे 1873 च्या आरंभी, चितांबो याच्या गावी, पहाटे नोकरांनी झोपडीत डोकावून पाहिले तेव्हा लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेले होते. चुमा, सुसी आणि इतरांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले आणि देह वाळवून, हजार मैल खांद्यावर वाहून किनाऱ्याला आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले.

परंतु पहिली दफनविधीची उपासना चितांबोच्या गावीच, त्या झाडाखाली झाली होती. तेथे कोणी पाळक नव्हता. गुलामीतून सुटून नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट प्रार्थनेचे पुस्तक घेऊन पुढे झाला, त्याने विधी अखेरपर्यंत वाचला आणि मग चाकू घेऊन झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंग्स्टन यांचे नाव कोरू लागला.